लगद्याचा भाव आणि धाकटा साडू

मी बेंगळुरूला गेलो तो साडूवर जळायला. वास्तुशांत हे नुसतं निमित्त. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी तिथल्या कॉफीचं आणि झाडांचं वर्णन करायला लागलो की तुम्हाला वाटायचं, माणूस मोठा हौशी दिसतोय. हौस वगैरे काही नाही. मिरजेत आमचा शाळेच्या वह्यांचा छोटा कारखाना आहे. रेघा मारायचं एक मशीन, कापायचं एक, आणि शिलाईला, पुठ्ठ्याला, गठ्ठे बांधायला अकरा बायका. गेली दोन वर्षं आमचा कागद चुकलाय, आणि ज्याचा कधीच चुकत नाही तो माणूस नेमका माझा साडू. आता बोला!

कागद चुकला म्हणजे काय ते सांगतो. शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी वही दुकानात पोचायची तर डिसेंबर ते एप्रिल कारखाना धडधडत पाहिजे, आणि तो धडधडायचा तर नोव्हेंबरात कागद घेऊन ठेवायला पाहिजे. किंवा नको. सगळी मेख तिथंच आहे. कागद होतो लगद्यापासून, त्याला धंद्यात सगळे पल्पच म्हणतात. पल्प होतो लाकडापासून. आणि त्या पल्पचा भाव कुठं लांब चीनमध्ये, ब्राझीलमध्ये कुणी शिंकलं की हलतो. दोन वर्षांपूर्वी मी जानेवारीत स्वस्त होईल म्हणून थांबलो, तर भाव चढला आणि माल मिळेना. गेल्या वर्षी घाबरून आधीच भरला, तर जानेवारीत निम्मी मिरज माझ्यापेक्षा स्वस्तात वह्या विकायला लागली. दोन्ही वर्षी फेब्रुवारीतच हात आखडले आणि बायका घरी बसल्या. आमची शिलाईची मुख्य सकिनाबी, वीस वर्षांची जुनी बाई, ती द्राक्षाच्या शेडमध्ये डबे भरायला गेली. या दिवाळीला तिनं स्पष्टच सांगितलं, "साहेब, यंदा काम मधेच थांबणार असेल तर आत्ताच बोला. आम्ही अकरा जणी एकदमच दुसरीकडं बघतो." त्या गेल्या की कारखाना गेला. मशीन काय, कुणीपण चालवेल.

कोल्हापूरच्या कागदाच्या एजंटानं माझ्यासाठी एक ट्रक वहीचा कागद धरून ठेवला होता. शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. घ्यावा की सोडावा, एवढाच प्रश्न. आणि त्याचं उत्तर ज्याला माहीत होतं त्याच्याच घरी मी वास्तुशांतीला चाललो होतो.

"मग विचारा की त्यांना," सुलभा म्हणाली. आमची बायको. तिचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, नाहीतर सख्ख्या बहिणीची वास्तुशांत ती सोडते होय! "विचारलं तर तोंड काय झिजणार आहे?"

"मी मोठा साडू आहे."

"बरं. मग कागदाच्या जागी मोठेपणा भरा गोदामात."

पण विचारायचं तरी कसं? दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला या शिवानंदनं पंगतीत मला सांगितलं होतं, "दादा, यंदा दिवाळीआधीच कागद भरा." सगळ्या पाहुण्यांच्या देखत! मेव्हणे, मेव्हण्या, सासूबाई, सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "शिवानंदराव, वह्या करून मला तीस वर्षं झाली. तुम्ही लाकडाचं बघा, वहीचं मी बघतो." तो मान खाली घालून जेवायला लागला. आणि त्या दिवसापासून हवा, पाणी, सासूबाईंची गुडघेदुखी, सगळ्यावर बोलतो, पण कागद हा शब्द माझ्यापुढं काढत नाही. धाकट्यानं न विचारता बोलायचं नाही आणि मोठ्यानं धाकट्याला विचारायचं नाही. बसा आता दोघंही.

गुरुवार, चामराजपेट

सकाळी स्टेशनावर तो स्वतः घ्यायला आला. वाकून नमस्कार केला, माझी बॅग उचलली. मला तिथूनच जळायला सुरुवात. माणूस पन्नाशी ओलांडलेला, आणि पोट नाही. शिवानंद मूळचा निपाणीचा. कागदाच्या दुकानात कारकून म्हणून इथं आला आणि आता चामराजपेटेत त्याचं स्वतःचं कागदाचं गोदाम आहे. घरी मराठी बोलतो, पण मधेच "सरी" म्हणेल, म्हणजे बरं, "स्वल्प थांबा" म्हणेल. त्याच्या मराठीला कन्नडचा असा वास लागलाय की ऐकायला गोड वाटतं, हेही मला खुपलं.

चामराजपेट मार्केटला लागूनच आहे. अरुंद रस्ते, कुठं फुलांचे हारे, कुठं तेलाचे डबे, रिक्षा अंगाला घासून जाणाऱ्या, आणि जुन्या घरांच्या खालच्या मजल्यावर एकेक धंदा. आपल्याकडं मिरजेत सतारीच्या गल्लीत जावं तसं वाटतं, फक्त इथं खुंट्या पिळायच्या आवाजाऐवजी कागद कापायचा आवाज. नाश्त्याला त्यानं मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. उभ्यानं खायचं. इडली अशी की बोट लावलं तर फुटेल, आणि चटणी इतकी पातळ की आपल्याकडं मालकाला बोलावून विचारलं असतं. पण खरं सांगतो, दोन प्लेटी खाल्ल्या. मग त्यानं एकच कॉफी सांगितली आणि "बाय टू" म्हणाला. एका कॉफीचे दोन छोटे पेले आले. आपण कटिंग चहा घेतो तसाच प्रकार, पण इथं मोठमोठे व्यापारी उजळ माथ्यानं अर्धी कॉफी पितात, कुणी कुणाला चिक्कू म्हणत नाही.

गोदामात बसलो आणि मला कळलं की हा माणूस इथं काय आहे. दर दहा मिनिटांनी कुणीतरी येतंय. "अण्णा, पल्प एनागुत्ते?" म्हणजे पल्पचं काय होणार. छापखानेवाला येतोय, खोकीवाला येतोय, पांढऱ्या केसांचे मारवाडी शेठ येतायत, आणि हा बसल्या जागेवरून सांगतोय. दवाखान्यात डॉक्टरपुढं बसावं तशी लोकं समोरच्या बाकावर बसलेली. मिरजेत माझ्याकडं इतकी माणसं फक्त वर्गणी मागायला येतात.

मी कान टवकारून बसलो. म्हटलं, विचारायचं नाही, पण ऐकायला काय हरकत आहे? तो सांगत होता ते जेवढं कळलं ते असं: पल्पलाही सण आणि सुट्ट्या असतात. चिनी लोकांचं नवीन वर्ष आलं की तिथल्या मिल बंद, खरेदीदार गावाला, भाव मंदावतो. ते परत आले की भुकेलेले असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला थंड देशांतल्या मिल दुरुस्तीला बंद होतात, माल कमी पडतो, भाव वर. ऑगस्टात युरोप सुट्टीवर, परत थंड. ऐकता ऐकता मी मनातल्या मनात म्हणालो, अरे, हे तर आपल्या सणावारासारखंच आहे, याला काय अक्कल लागते? पण मला तीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

आणि प्रत्येक वेळी मुद्द्याची गोष्ट आली की स्वारी कन्नडमध्ये शिरायची. माझं कन्नड कंडक्टरशी भांडण्यापुरतं. एक लग्नपत्रिकावाला आला होता, त्याला मात्र स्पष्ट "कायरी" म्हणाला. थांबा. एवढं मला कळलं, आणि मी ते गाठीला बांधून ठेवलं.

मी जरा भाव खाऊन घेतला. समोरच्या थप्पीतला एक कागद उचलला, कोपऱ्याला धरून कानापाशी हलवला, खडखड ऐकली, आणि म्हणालो, "दमट आहे." आपल्याकडं कागदाची परीक्षा अशीच करतात. मारवाडी शेठ माझ्याकडं बघायला लागले. शिवानंदनं त्यांना माझी ओळख करून दिली, "नम्म दादा. वह्यांचा मोठा कारखाना आहे त्यांचा मिरजेत." मोठा! त्याला चांगलं माहीत होतं केवढा आहे ते. चेष्टा केली असती तरी चाललं असतं, पण तो मनापासून म्हणाला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दादा, अजून एक कॉफी?" त्यानं विचारलं. "दुपारी पाऊस येईल बहुतेक. हे दिवसच असे."

बघा. पाऊस. कागदाबद्दल चकार शब्द नाही.

शुक्रवार, कोरमंगला

शिवानंदची मुलगी अपर्णा कोरमंगलाला एका कंपनीत आहे. सगळ्या जगातल्या कच्च्या मालाचे भाव पुढं काय होतील ते सांगायची कंपनी. तांबं, कापूस, रबर, आणि हो, पल्पसुद्धा. माझा मुलगा पुण्यात असतो. काय करतो ते मला अजून नीट कळलेलं नाही, विचारलं की "कंटेंट" म्हणतो. असो.

"काका, ऑफिस बघायला या ना," अपर्णा आदल्या रात्री जेवताना म्हणाली होती, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. साडूला विचारायला नको आणि काम फत्ते!

रिक्षानं निघालो. इथं पत्ता म्हणजे आकडे. अमुक ब्लॉक, तमुक मेन, ढमुक क्रॉस. मला वाटलं पाचव्या ब्लॉकनंतर सहावा येणार. कसला येतोय! रिक्षावाल्यानं मला भलत्याच ब्लॉकात सोडलं आणि "स्वल्प मुंदे" म्हणून हात दाखवून गेला. थोडं पुढं. ते थोडं पुढं म्हणजे पाऊण तास निघाला. वरून पाऊस. सांगलीकडचा पाऊस कसा वाजतगाजत येतो, पडतो आणि जातो. इथला नोव्हेंबरचा पाऊस रेंगाळतो, दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा, आत येत नाही आणि जातही नाही. फुटपाथवर पोरं-पोरी दुचाक्या लावून मोमो खात होती. प्रत्येक दुसऱ्या घरावर पीजीची पाटी. एवढी तरणी माणसं मी एका जागी फक्त परीक्षेच्या सेंटरवर बघितलीत. बूट चिखलानं भरलेले घेऊन मी त्या काचेच्या ऑफिसात शिरलो, आणि तिथल्या पोरांनी मला "अंकल" म्हणून टिश्यूपेपर दिला. चांगला मऊ होता. आयात पल्पचा. मला कळतं.

अपर्णानं मोठ्या पडद्यावर पल्पची रेघ दाखवली. दर वर्षीची रेघ वेगळ्या रंगात, एकावर एक. खरंच सांगतो, बघण्यासारखं होतं. तिचा बाप जे गोदामात बसून सांगत होता तेच तिथं वर-खाली होत होतं. चिनी नवीन वर्षाला खड्डा, मग चढ, मग ऑगस्टातली डुलकी. आणि पुढची रेघ, तुटक तुटक, म्हणजे अंदाज. ती सरळ उतरत होती.

"ब्राझीलमध्ये नवीन मोठ्या मिल सुरू झाल्यात," अपर्णा म्हणाली. "माल भरपूर आहे. चीनचे लोक हात राखून घेतायत. त्यामुळं आमचा आउटलुक असा की फेब्रुवारीपर्यंत पल्प सॉफ्ट राहणार."

"सॉफ्ट म्हणजे स्वस्त?"

"हां काका. पण हा इंटरनॅशनल पल्प आहे. आपल्याकडच्या लाकडाचं आम्ही ट्रॅक करत नाही. तुमच्या वहीच्या कागदाचं बाबांना विचारा. त्यांना ते आमच्यापेक्षा जास्त कळतं."

बाबांना विचारा! घरी बायको म्हणते त्यांना विचारा, इथं काल जन्मलेली पोरगी म्हणते बाबांना विचारा. नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या क्षणी मला तिचं पुढचं-मागचं काही ऐकू आलं नाही. उतरणारी रेघ मी डोळ्यानं बघितली होती. साडूनं लग्नपत्रिकावाल्याला "थांबा" म्हटलेलं कानानं ऐकलं होतं. आणखी काय पाहिजे? गुपित माझ्या हाताला लागलं होतं, आणि तेही कुणापुढं मान न वाकवता.

जिन्यातच उभं राहून एजंटाला फोन लावला. "तो ट्रक सोडा. मला नको."

"साहेब, बघा बरं का. उद्यापर्यंत वेळ आहे."

"सोडा म्हटलं ना. मी बेंगळुरूतून बोलतोय, मला इथं सगळं दिसतंय."

मग सुलभाला फोन केला. ती म्हणाली, "शिवानंद म्हणाले का असं?" मी म्हणालो, "त्यांच्याच घरातून कळलंय." खोटं तर नव्हतं. परत येताना मी रिक्षात बसून शीळ घातली. त्या एका संध्याकाळी मी बेंगळुरूवर बेहद्द खूश होतो, झाडं, पाऊस, मोमो, सगळ्यावर.

शनिवार, जयनगर

जयनगर आखून वसवलेलं आहे. रुंद रस्ते, दोन्हीकडून झाडांची कमान, सकाळी जानवं घातलेले म्हातारे फिरायला निघालेले, दुकानांत साड्यांची गर्दी. शिवानंदचं नवं घर तिथं दुसऱ्या मजल्यावर. मी जिना चढताना ठरवलं होतं की काहीतरी खोट काढायचीच. फरशी बघितली, नळ सोडून बघितले, दारं उघडझाप करून बघितली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चाफ्याचं झाड दिसत होतं. खिडकीतून झाड! आमच्या खिडकीतून शेजारच्यांची मोरी दिसते. शेवटी मला एका खोलीत प्लॅस्टरला बारीक चीर सापडली आणि जरा बरं वाटलं.

पूजा झाली. जेवणाच्या पंगती गच्चीवर मांडव घालून. केळीचं पान, आणि वाढायची तऱ्हा वेगळी. आपण मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असं डाव्या बाजूनं सुरू करतो. इथं आधी पानावर चमचाभर पायस, मग मुगाच्या डाळीची कोशिंबीर, तिला कोसंबरी म्हणतात, मग भात, सारू म्हणजे आपलं सार, आणि पुरणपोळीऐवजी होळिगे. होळिगे आपल्या पोळीपेक्षा पातळ, आत ओल्या नारळाचं पुरण, वर तूप. उज्ज्वला, म्हणजे माझी मेव्हणी, निपाणीची सून झाली तरी मिरजेची लेक, तिनं माझ्यासाठी वेगळी कटाची आमटी केली होती. "दाजी, तुमच्यासाठी," म्हणाली. मला भरून आलं आणि लगेच राग आला की शिवानंदला रोज असं जेवायला मिळतं.

माझ्या शेजारच्या पानावर एक धिप्पाड माणूस होता. रंगप्पा. लाकडाचा ठेकेदार. शेतकऱ्यांच्या शेतातलं सुबाभूळ, सुरू, निलगिरी तोडून कागदाच्या मिलला पोचवायचं त्याचं काम. त्याला मराठी येत नव्हतं, मला कन्नड, म्हणून आम्ही हिंदीचे हाल केले.

"धंदा कैसा?" मी विचारलं.

"धंदा क्या साब," तो भात कालवत म्हणाला. "माल है, निकलता नहीं. ये बारिश देखा ना? आंध्रा साइड तो और जास्ती. खेत में लॉरी जाता नहीं, टायर बैठ जाता. मिलवाला रोज फोन करता, लकडी भेजो, लकडी भेजो. किधर से भेजूँ?"

माझा घास हातातच राहिला. "कौन सा मिल? क्या बनाता है?"

"कॉपी-किताब का कागज. उसमें बाहर का पल्प थोडा, अपना लकडी जास्ती." त्यानं कोसंबरी तोंडात टाकली. "संक्रांत तक ऐसाच रहेगा. रेट तो चढेगा ही. मिल ने बोल दिया है सबको."

माझी वही ब्राझीलच्या लाकडाची नव्हतीच कधी. ती होती या माणसाच्या लाकडाची, चिखलात रुतलेली. उतरणारी रेघ लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत पुठ्ठ्याची होती, टिश्यूपेपरची होती. पोरीनं सांगितलं होतं की! हा आयातीचा पल्प आहे म्हणाली होती, आणि मी मिरच्या झोंबवून घेत बसलो होतो. दोन दिवस याच पावसात भिजत फिरलो, आणि पाऊस आणि कागद यांचा संबंध मला लागला नाही. तीस वर्षं वह्या करतोय म्हणे!

पंगतीतून उठायचं नसतं. मी उठलो. उष्टा हात वर धरून जिन्यात गेलो आणि डाव्या हातानं एजंटाला फोन लावला. दुपारची मुदत अजून संपली नव्हती.

"तो ट्रक मला पाहिजे."

"अहो साहेब, तुम्हीच सोडा म्हणालात. कालच गेला की तो."

"कुणाला?"

"तुमच्याच पाव्हण्यांना. बेंगळुरूला. त्यांचं कसं असतं, वहीचा कागद सुटला की मला कळवा म्हणून सांगून ठेवलेलं असतं."

मी फोन उष्ट्या हातानंच खिशात घातला. खिशाला तूप लागलं. सकिनाबी दिसायला लागली, द्राक्षाचे डबे भरताना. मग म्हटलं, चला.

पानावर येऊन बसलो. शिवानंद कमरेला उपरणं बांधून स्वतः होळिगे वाढत होता, आग्रह करत करत. माझ्यापुढं आला. "दादा, उठून गेलात? बरं आहे ना?"

खाली पानाकडं बघत म्हणालो, "शिवानंदराव, यंदा वहीच्या कागदाचं काय करू?"

तो थांबला. वाढायचं ताट हातात तसंच. मग वाकून कानामागं हात धरून म्हणाला, "काय म्हणालात, दादा? पंख्याचा आवाज फार आहे."

पंखा होता. पण आवाज एवढा नव्हता.

मी मान वर केली. "वहीच्या कागदाचं काय करू, ते तुम्ही सांगा!" असा ओरडलो की पंगतीतलं बोलणं थांबलं. रंगप्पा थांबला. उज्ज्वला वाटी घेऊन दारात उभी राहिली. अपर्णाचे डोळे मोठे झाले. शिवानंदचे कान लाल झाले, आणि त्याला हसू आवरेना. आवरायचा प्रयत्न करत होता बिचारा, पण आतून उसळत होतं. तोंडभर पसरलं.

"दोन वर्षं झाली, दादा," तो हळू म्हणाला. "सगळं मार्केट मला विचारतं. गुजराती विचारतात, मारवाडी विचारतात. घरातला एकच माणूस विचारत नाही. सासूबाईंच्या कार्यात गप्प केलंत, त्या दिवसापासून रोज ठरवत होतो, जेव्हा विचारतील तेव्हा दोनदा विचारायला लावणार."

"लावलंत की."

"लावलं," तो म्हणाला. आणि त्यानं माझ्या पानात होळिगे टाकली, जरा जोरातच.

मी त्याच्याकडं बघत राहिलो. इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो तो वाकून नमस्कार करणारा, बॅग उचलणारा, पोट नसलेला, कधीच न चुकणारा माणूस होता. हा कान लाल झालेला, मनात डूख धरून बसलेला, पंख्याचं निमित्त करणारा माणूस मला पहिल्यांदाच दिसत होता. हा तर माझ्यातलाच निघाला! इतकी वर्षं मला उगाचच वाटत होतं की तो वर आहे.

"आता उत्तर," मी म्हणालो.

"घ्या. लगेच घ्या. संक्रांतीपर्यंत चढणार. वहीवाल्या सगळ्यांना सांगितलंय. पण कालच तुमचा ट्रक सुटला म्हणून एजंटाचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, दादांना काहीतरी वेगळं कळलेलं दिसतंय. आपण कोण विचारणार?" परत हसू. "घेऊन ठेवला."

"मला द्या."

"देतो. एजंटाचा भाव, आणि वर माझा नेहमीचा नफा."

"नेहमीचा? साडू आहे मी तुमचा!"

"म्हणून तर नेहमीचा. नाहीतर जास्त घेतला असता."

"अहो, जेवू द्या त्यांना!" उज्ज्वला दारातून म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. नफा कमी करा म्हणून मी पानावर बसून भांडलो, त्यानं तूप वाढत वाढत नाही म्हटलं, रंगप्पानं मधे पडून दोघांच्या मधला आकडा सांगितला, आणि तो आम्हा दोघांनाही मान्य झाला नाही. शेवटी शिवानंदनं थोडं सोडलं, मी थोडं चढवलं. सोमवारी गाडी निघायचं ठरलं. त्यानं तो ट्रक मला फुकटच्या उदारपणानं दिला असता, "दादा, तुमचाच आहे" म्हणून डोळ्यांत पाणी आणलं असतं, तर मी तो तिथंच सोडून आलो असतो आणि मरेपर्यंत जळत राहिलो असतो.

जेवण झाल्यावर गच्चीच्या कठड्याला टेकून सुलभाला फोन लावला, ट्रक शेवटी साडूकडूनच घेतला म्हणालो. तिनं पहिलं एवढंच विचारलं, "किती वर लावला?"

सांगितलं.

"लुटलं की हो तुम्हाला! सख्ख्या साडूनं! आणि तुम्ही हसताय?"

"लुटलं गं," मी म्हणालो. "फार छान माणूस आहे."